बागेत बसून शिकारी पक्षी कसे पाहावेत

शिकारी पक्षी बघायचा म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्याला तो सहसा दिसत नाही, मान मात्र दुखते. शिक्रा किंवा त्याच्या जातकुळीतले पक्षी कुंपणाच्या उंचीवरून, झाडाच्या आडून येतात आणि काही सेकंदांत निघूनही जातात. पण बागेत आपल्याआधी त्यांना बघणारे डोळे असतातच. बुलबुल, चिमण्या, खारी हे सगळे कायम पहाऱ्यावर असतात. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची.

आधी बसायची एक जागा ठरवा आणि ती बदलू नका. पाठीमागे भिंत किंवा झुडूप असावं, म्हणजे आपली आकृती उठून दिसत नाही. ऊनही पाठीमागूनच यावं, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसेल. कपड्यांच्या रंगाची फार काळजी करू नका, हालचालीची करा. तुम्ही येऊन बसलात की पक्षी पांगतात. १०-१५ मिनिटांनी त्यांचे नेहमीचे व्यवहार सुरू होतात आणि खरं निरीक्षण तिथून पुढे. पाच मिनिटांत कंटाळून उठणाऱ्याला फक्त पांगलेली बाग दिसते.

मग पाणी ठेवा. दाण्यापेक्षा पाणी केव्हाही बरं, कारण दाण्याला तोंड न लावणारे किडेखाऊ पक्षीही पाण्यावर येतात. भांडं पसरट आणि खरबरीत तळाचं हवं, पाणी तीन ते पाच सेंटिमीटर पुरे. मधोमध एखादा दगड ठेवा. भांडं झुडपापासून दोन-तीन मीटरवर असावं. त्याहून जवळ ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर शिक्रा आल्यावर पक्ष्यांना लपायला आडोसा मिळत नाही. पाणी रोज बदला, भांडं घासून काढा, म्हणजे डासांचीही पैदास होत नाही. दाणे टाकायचेच असतील तर दिवसभरात संपतील एवढेच टाका. बुरशी धरलेला दाणा पक्ष्यांना आजारी पाडतो. पिसं फुगवून मलूल बसलेला पक्षी दिसला तर काही आठवडे दाणे बंद करून सगळं स्वच्छ धुवा.

दुर्बिणीवर फार डोकं शिणवू नका. ८ × ४२ची घ्या. यातला ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि बागेसारख्या जवळच्या जागेत पक्षी शोधण्यातच वेळ जातो. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची सवय आधी एखाद्या स्थिर फुलावर करून घ्या.

आता मुख्य काम, ते कानांचं. आठवडाभर नुसतं ऐका. रोजचा किलबिलाट कसा असतो हे अंगवळणी पडलं की त्यातला बदल आपोआप खटकतो. इशारे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. उडता शिकारी पक्षी दिसला की बरेच लहान पक्षी बारीक, उंच पट्टीतली शीळ घालतात. ती कुठून आली हे शिकाऱ्याला नीट कळत नाही, आपल्यालाही नाही. त्यापाठोपाठ सगळी बाग गप्प होते. ही शांतता ऐकू आली की मान न वळवता, फक्त डोळ्यांनी झाडांच्या मधली उंची चाळा. दुसरा प्रकार अगदी उलटा. बसलेलं घुबड किंवा पिंगळा सापडला की चार जातींचे पक्षी त्याच्याभोवती जमून कर्कश गोंगाट करतात. तो आवाज मुद्दाम सहज सापडेल असाच असतो, कारण सगळ्यांनी मिळून त्याला हुसकायचं असतं. असा गोंगाट ज्या फांदीभोवती चाललाय तिथे बुंध्याला चिकटून कोण बसलंय ते बघा. दिवसा घुबड सापडण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

या आवाजांत बारकावेही असतात. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्यावरचं एक संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. शिकारी जितका लहान आणि चपळ, म्हणजे चिकडीला जितका जास्त धोक्याचा, तितक्या जास्त वेळा चिकडी हाकेच्या शेवटचा ‘डी’ उच्चारतो, असं त्यात आढळलं. मोठ्या घुबडाला तो तितका भीत नाही. कोतवालापासून मात्र सावध राहा. हा पठ्ठ्या शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि आपण उगाच झाडं धुंडाळत बसतो.

पक्षी दिसला तर रंगाआधी आकार बघा. आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपटी म्हणजे शिक्र्याचं कुळ. झाडांच्या गर्दीत वळणं घेण्यासाठीच ती बांधणी असते. निमुळते, टोकदार पंख ससाण्याचे. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो, पण ती कसरत उघड्या आभाळात. एका जागी पंख फडफडवत तरंगते ती बहुधा कापशी घार. घार आणि गरुड ऊन चढून गरम हवा वर सरकू लागली की घिरट्या घालतात, तेव्हा त्यांच्यासाठी पहाटे उठायची गरज नाही. आणि पावशा! हा कोकिळेच्या कुळातला, पण अंगावरचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीही फसतात. चोच आणि पाय बघा: शिक्र्याची चोच आकड्यासारखी आणि नख्या दणकट, पावशाचं तसं काही नाही.

पक्षी निघून गेला तरी जमीन बोलते. पिसांचा सडा पडलाय आणि पिसांचे देठ अखंड आहेत, तर काम शिकारी पक्ष्याचं. देठ चावून तुटलेले असतील तर मांजरासारख्या प्राण्याचं. झाडाखाली न पचलेले केस आणि हाडं ओकून टाकलेली करडी गोळी सापडली तर वर घुबडाची बैठक असणार. ससाण्यांच्या गोळीत हाडं फारशी उरत नाहीत, त्यांचं पोट ती बरीचशी पचवतं.

शिक्र्याने तुमच्यासमोर चिमणी उचलली तर वाईट वाटेल. वाटू द्या, पण त्याला हाकलू नका. त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात. तो रोजच पाण्यादाण्यापाशी दबा धरू लागला तर आठ-पंधरा दिवस दाणे बंद ठेवा, पक्षी पांगतील आणि तोही जाईल. त्याला मांसाचं आमिष दाखवू नका, घरट्याजवळ जाऊ नका, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. पक्षी आपटू नयेत म्हणून खिडकीच्या काचेवर बाहेरून पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लावा, बहिरी ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून भागत नाही. उंदरांचं विष मात्र बागेत नकोच. विष खाल्लेला सुस्त उंदीर घुबडाला आयता सापडतो आणि विष त्याच्या पोटात जातं.

शेवटी एक वही ठेवा. तारीख, वेळ, हवा आणि कोण काय करत होतं एवढं पुरे. ‘काही दिसलं नाही, पण ७:४० ते ७:४७ सगळे गप्प होते’ ही नोंदही लिहा. महिनाभरात तीच वेळ वहीत पुन्हा पुन्हा आली, तर दुसऱ्या दिवशी ७:३५लाच जाऊन बसा.