भातलावणीतला ताप, किडनी आणि बांगडा: या चुका टाळा

भातलावणीच्या चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतूंचा ताप येऊ शकतो, आणि तो किडनीला इजा करतो. बांगडा-तारली किडनीला चांगली, असं हल्ली आपल्याकडे बरेचजण सांगतात. त्यात तथ्य आहे. या माशांतली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं पेशींच्या आवरणात मुरतात आणि शरीर त्यांच्यापासून दाह शमवणारी रिझॉल्विन्स बनवतं. सेप्सिस (जंतुसंसर्गाने अंगभर दाह भडकून अवयव बिघडू लागतात ती अवस्था) झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत किडनीची हानी त्यामुळे कमी झालेली दिसली.

पण म्हणून ताप चढल्यावर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल देऊन दोन दिवस वाट बघायची, ही चूक जिवावर बेतते. पेशींत ती आम्लं पुरेशी मुरायला आठवडे लागतात. सेप्सिसमध्ये किडनी काही तासांत बिघडू शकते. शिवाय माणसांत हा फायदा पक्का ठरलेला नाही. फुप्फुसांना इजा झालेल्या अत्यवस्थ रुग्णांना ओमेगा-३ देऊन पाहिलेली अमेरिकेतली एक चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवली. तिचे निष्कर्ष २०११ साली छापून आले.

लावणीत सगळ्यांच्याच पोटऱ्या दुखतात, त्यामुळे लेप्टोची पोटरीदुखी कुणाच्या लक्षातच येत नाही. मग दुकानातून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून घेतली जाते. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवते. तापाला पॅरासिटामॉल घ्या, तेही मात्रेत, आणि दवाखाना गाठा.

‘लघवी होतेय ना, मग किडनी ठीक आहे’ हे तर लेप्टोत अजिबात धरून चालू नका. या रोगात किडनीच्या नलिका दुखावतात. अनेकदा लघवी भरपूर होत असते आणि आत क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) चढत, पोटॅशियम घसरत असतं. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. लघवी कमी झाली, डोळे लाल-पिवळे दिसले, माणूस बरळायला लागला, तर रात्र काढू नका.

आता मासे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ऐन लेप्टोच्या दिवसांत ताटात खारा बांगडा. किडनी किंवा प्रेशरचा त्रास असलेल्यांना तेवढं मीठ सोसत नाही. ताजा बांगडा मिळतो तेव्हा वर्षभर, आठवड्यातून दोनदा, तिरफळ घालून कालवणात खा. जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचए फार थोडं बनतं, आणि खोबरेल तेलात तर ओमेगा-३ जवळजवळ नसतंच.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘चिखलात उतरलो होतो’ हे ते विचारण्याआधीच सांगा. पायाला जखम असेल तर तीही दाखवा.