अमेरिकेतला नळ ठाण्याच्या सिंकवर

न्यू जर्सीत दादाने स्वतःच्या हातांनी घराचं किचन नवं केलं. त्यातला एक जास्तीचा मिक्सर नळ त्याने आम्हाला दिला. नौपाड्यातल्या आमच्या घराचंही काम निघालंच होतं.

खरी अडचण सांध्याची. तिकडच्या नळासोबत आलेल्या पाइपांची टोकं ३/८ इंची कॉम्प्रेशनची (दाबून बसणाऱ्या जोडाची), आपले अँगल कॉक (सिंकखाली पाणी बंद करायचे कॉक) अर्धा इंची. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, ही जोडी जमत नाही. पण या नळाचे पाइप सुटे होणारे होते आणि नळाच्या दांड्यांचे आटे अर्धा इंचीच निघाले. अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश, आपल्या आट्यांचा ५५. मात्र इंचाला १४ आटे दोन्हीकडे. म्हणून साधे अर्धा इंची कनेक्शन पाइप आणले. नट हाताने अलगद फिरला, मग पान्याने थोडा आवळला. इथे पाणी रबरी वॉशर अडवतो, आटे नव्हे. वॉशर नवा आणि सपाटच हवा.

नळ सोडला तर धार करंगळीएवढी! तिकडचे नळ ६० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला मिनिटाला फार तर २.२ गॅलन, म्हणजे सव्वाआठ लिटर पाणी सोडतात. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर जेमतेम चार मीटर, म्हणजे दाब सहा पीएसआयच्याही आत. तोंडाची जाळी उघडून प्रवाह रोखणारी प्लास्टिकची चकती काढली, जाळी परत लावली. आता भांडी घासायला पुरेल इतकं पाणी येतं.

पहिल्या रात्री सांध्याखाली कोरडा पेपर पसरून ठेवा. बारीक गळतीही सकाळी डागावरून कळते.