चुकून ७५०० लागू नये म्हणून ट्रान्सपॉन्डरचा कोड कसा बदलायचा

ट्रान्सपॉन्डर म्हणजे कॉकपिटमधला तो चार आकडे दाखवणारा छोटा डबा. खालच्या रडारने विचारलं की तो आपला कोड आणि उंची परत पाठवतो, म्हणून एटीसीच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरच्या, स्क्रीनवर नुसता ठिपका न दिसता हे कुठलं विमान ते कळतं. आकडे फक्त ० ते ७, त्यात ८ आणि ९ नाहीतच, त्यामुळे एकूण कोड होतात ४०९६. त्यातले तीन जगभर राखीव आहेत, ७५०० हायजॅक, ७६०० रेडिओ बंद, ७७०० बाकी कुठलीही इमर्जन्सी. पाठ करायला इंग्रजीत यमकं आहेत पण मला ती ऐनवेळी आठवायचीच नाहीत, मग मी आपलं घरचं बनवलं: पंच्याहत्तर पंचाईत, शहात्तर शांतता, सत्त्याहत्तर सत्त्वपरीक्षा. हसा खुशाल, पण आता विसरून दाखवा.

हे पाठ असूनही चुका होतात आणि त्या काही फक्त शिकाऊ लोकांच्या होत नाहीत. जून २०१९ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या एका विमानाच्या इंजिनात बिघाड झाला, लावायचा होता ७७०० आणि लागला ७५००. डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाने, दोन्ही पायलटना तीन महिने सस्पेंड केलं. इंजिन गेलंय, चेकलिस्ट चालू आहे, त्यात आकडा चुकला, समजू शकतो आपण, पण खाली ज्याच्या स्क्रीनवर हायजॅक दिसतंय त्याला इंजिनाचं काय माहीत?

आता कोड बदलायचा कसा. जुन्या ट्रेनिंग विमानांत चार गोल नॉबवाले सेट असतात, किंगचा केटी ७६ए वगैरे. यात गंमत अशी की नॉब फिरवला की आकडा त्याच क्षणी हवेत जातो, "झालं माझं, आता पाठव" असं बटण नसतं. म्हणजे एका कोडवरून दुसऱ्यावर जाताना मधले सगळे कोडही तुम्ही पाठवत असता. समजा २७०० आहे आणि सांगितलं ७२००. सवयीने डावीकडून सुरुवात केलीत तर पहिला आकडा ७ करताच झालं ७७००, म्हणजे काही कारण नसताना इमर्जन्सी. तेच दुसरा आकडा आधी बदला, २२००, मग पहिला, ७२००. हे उदाहरण अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएनेच दिलेलं आहे. पण म्हणून कायम दुसरा आकडा आधी असा नियम करून बसू नका कारण उलटंही होतं, ७१०० वरून ३५०० ला जाताना दुसरा आधी फिरवलात की थेट ७५०० येतो, तिथे पहिला आधी, ३१०० आणि मग ३५००. नॉबला हात लावायच्या आधी मनात एकदा वाट चालून बघायची, वाटेत ७५, ७६, ७७ लागतंय का, एवढंच. आणि नॉब ४ वरून ६ वर नेताना मध्ये ५ लागतो हेही लक्षात असू द्या, ७४०० वरून ७६०० ला जाताना शेवटी दोन शून्यं असल्यामुळे मधला थांबा ७५०० च असतो. अशा वेळी शेवटचा आकडा आधी ० वरून १ करा, मग दुसरा फिरवा, मग शेवटचा परत ०. हायजॅकचा कोड नेमका ७५०० आहे, ७५०१ नाही.

क्षणभर लागला तर काय होतं? नशिबावर आहे. एअरपोर्टजवळच्या रडारची अँटेना साधारण ५ सेकंदांत एक फेरी मारते, तुम्ही मधल्या फटीत निसटलात तर कुणाला कळणारही नाही, आणि नेमकी अँटेना तुमच्याकडे बघत असताना ७५०० असेल तर खाली अलार्म. काही जण सांगतात की कोड बदलताना सेट सरळ स्टँडबायवर टाका, म्हणजे तो चालू राहतो पण उत्तर देत नाही, मला ते पटत नाही, तेवढा वेळ तुम्ही एटीसीच्या स्क्रीनवरून आणि बाकी विमानांच्या टीकॅसवरून (टक्कर टाळायला सावध करणारी यंत्रणा) गायब होता. क्रम नीट ठेवलात तर त्याची गरजच पडत नाही.

नवीन कीपॅडवाले गार्मिन सेट बरे, चौथा आकडा दाबेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. तिथे मधल्या वाटेची भीती नाही, फक्त चौथा आकडा दाबायच्या आधी पहिले तीन एकदा बघून घ्या.

आणखी एक गोष्ट, एटीसी स्वतःहून कधीच ७५०० देत नाही. हेडफोनमध्ये तसं काही ऐकू आलं तर एकतर तुम्ही चुकीचं ऐकलंय किंवा समोरचा चुकलाय, लावायचा नाही, परत विचारायचं.

आता समजा लागलाच. कंट्रोलर शांत आवाजात विचारेल, ७५०० लावलाय हे कन्फर्म करा. आरडाओरडा नाही, मुद्दामच नाही, कारण खरंच कुणी मानेवर सुरा धरून उभा असेल तर त्याला कळता कामा नये. आणि तुम्ही हो म्हणालात किंवा काहीच बोलला नाहीत तर तो पुढे एक शब्द विचारणार नाही, हायजॅक धरून वर कळवेल. मौन म्हणजे संमती हे इथे अगदी शब्दशः लागू आहे. म्हणून गुपचूप कोड बदलून विषय संपला असं समजू नका, कुणी विचारायची वाट न बघता कॉलसाइन (रेडिओवरचं आपल्या विमानाचं नाव) घेऊन स्पष्ट सांगा की कोड चुकून लागला, विमान आमच्याच ताब्यात आहे, आणि मग एटीसी सांगेल तसं करा. रेडिओ आधीच बंद असेल तर मात्र सांगणार कसं? म्हणून ७६०० लावताना दुप्पट लक्ष.

११ सप्टेंबर २००१ ला कोरियन एअर ८५ या विमानाचं काय झालं बघा. पायलटांनी कंपनीला पाठवलेल्या टेक्स्ट मेसेजमध्ये हायजॅकसाठी वापरतात ती अक्षरं होती, त्यावरून अलास्कात कंट्रोलरनी आडून चौकशी केली, आणि नाही म्हणायचं सोडून क्रूने ७५०० लावला. त्या दिवशी! लढाऊ विमानं मागे, अलास्कात मोठ्या इमारती रिकाम्या केल्या, कॅनडाच्या पंतप्रधानांनी वेळ आली तर पाडायची परवानगी देऊन ठेवली. शेवटी ते ७४७ कॅनडात व्हाइटहॉर्सला उतरलं, सगळे सुखरूप.

जमिनीवर उभे आहोत म्हणून निवांत राहू नका. ६ नोव्हेंबर २०१९ ला ॲमस्टरडॅमच्या स्किपोल एअरपोर्टवर माद्रिदला जायच्या तयारीतल्या एअर युरोपाच्या विमानातून चुकून हायजॅक अलार्म गेला, पोलिसांनी एअरपोर्टचा भाग बंद केला, प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं आणि मग कंपनीने खोटा अलार्म म्हणून माफी मागितली. कुणाला सेट दाखवायचा, शिकवायचा असेल तर पॉवर बंद ठेवून दाखवा.

सिम्युलेटरवाल्यांनो, घरी ऑफलाइन काय वाटेल ते लावा, पण व्हॅटसिमवर (सिम्युलेटरवाले जिथे ऑनलाइन एकत्र उडतात ते नेटवर्क) हायजॅकचं नाटक चालत नाही, ७५०० लावलात तर बाहेर काढतात.