घरच्या कॉम्प्युटरला विंडोज की लिनक्स? निवडताना या चुका टाळा

"भाऊ, हँग होऊन राहिला, फॉरमॅट मारून द्या." जळगावच्या गोलाणी मार्केटपासून शहादा-तळोद्यापर्यंत कुठल्याही दुकानात हे ऐकू येतं. फॉरमॅट मारला की चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. कारण दुखणं बऱ्याचदा सिस्टीमचं, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सचं, नसतंच.

आधी हार्डवेअर बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. पंख्यात धूळ बसलेली असेल तर प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो, फारच तापला तर मशीन बंद पडतं. यावर नवं विंडोज टाकून काय होणार? क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून हार्ड डिस्कची तब्येत बघा. पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसलं, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. आणखी एक गंमत: दर वेळी चालू केल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी सालात जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझर बहुतेक वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून अडवतो आणि माणूस व्हायरस समजून फॉरमॅटला धावतो. काम निघतं किरकोळ पैशांच्या बटणसेलवर.

मशीन धड असेल, तर मग निवडीचा प्रश्न. इथली मोठी चूक म्हणजे सगळ्यात नवं तेच चांगलं असं धरून चालणं. स्थिर सिस्टीम म्हणजे जिला सुरक्षा अपडेट अजून बरीच वर्षं मिळणार आहेत आणि जी मधेच रूप बदलत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ चा तर जानेवारी २०२० मध्येच, तरी ते अजून घराघरात चालू आहे! अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की आपलं मशीन बसतं की नाही ते कळतं. दुकानदार ही अट चुकवून ११ टाकून देतो, ते चालतंही; पण पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही.

विकत न घेता विंडोज चालू करून देणाऱ्या फुकटच्या अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल एवढंच सांगतो: तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच शंका यायला हवी.

लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम; मिंट, उबुंटू, डेबियन, आर्च हे तिचेच प्रकार. जुन्या मशीनला माझं मत लिनक्स मिंट २२, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. उबुंटू घ्यायचं तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट असलेली आवृत्तीच घ्या; मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने सपोर्ट असतो. डेबियनचं 'स्टेबल' भक्कम आहे, पण नवख्याने मिंटच घ्यावं. आर्च मात्र पोरांच्या हौसेला ठीक, घरातल्या एकमेव कॉम्प्युटरला नको.

लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा ड्रायव्हर मिळवताना नाकी नऊ येतात. घरी टॅलीचं काम असेल, तर ते विंडोजसाठीच बनलेलं आहे, उगाच लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली असतील, तर त्या युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता अक्षरांचा चिवडा दिसेल.

इन्स्टॉल सुरू केल्यावर लाइट गेली, तर कुठलीही सिस्टीम अर्धवट अडकते. यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून बसा, लॅपटॉप असेल तर चार्ज करून घ्या.

आणि 'डी ड्राइव्हला काही होत नाही' यावर विसंबू नका. विंडोज पुन्हा टाकताना फक्त सी पुसला तर डी वाचतो, हे खरं. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडलं, तर सी, डी, ई सगळं एकदम जातं. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती बाहेरच्या डिस्कवर घ्या, तिथे उघडून बघा, ती डिस्क काढून ठेवा आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.