सल्लागाराकडे जाण्याआधी घरातलं कपाट उपसा

आर्थिक सल्लागारासमोर बसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठे टाकू पैसे?" त्याआधी एक रविवार घरी घालवा. एफडीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, पीपीएफचं पासबुक, गृहकर्जाचे हप्ते, भिशी, सगळं एका वहीत उतरवा. नवरा-बायको दोघांनीही बसायचं. कुठली पॉलिसी कुठल्या फाइलीत आहे हे एकालाच ठाऊक, असं बऱ्याच घरांत असतं.

प्रत्येक नोंदीपुढे नॉमिनीचं नाव लिहा. लग्नाआधीच्या खात्यावर अजून आईचंच नाव सापडेल. आणि पतसंस्थेतल्या ठेवीखाली लाल रेघ मारा. बँकेत दर ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेत ते नसतं.

आता माणूस शोधा. त्याला थेट विचारा, "तुम्हाला पैसे कोण देतं?" संकोच नको. म्युच्युअल फंड वितरकाला फंड कंपनी कमिशन देते. त्याच्याकडे एआरएन, म्हणजे वितरक म्हणून नोंदणीचा क्रमांक असतो. यात गैर काही नाही, पण तो विकायला बसलाय हे ध्यानात ठेवा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार मात्र फी तुमच्याकडून घेतो, त्या सल्ल्यावर त्याला कमिशन घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो. नाव आणि क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत जुळवून पाहा. तो स्वतः दाखवेल त्या कागदावर भागवू नका.

पहिल्या भेटीत गरजा सालासकट सांगा: मुलीचं इंजिनिअरिंग 2034, गावचं घर 2030. तुमचं उत्पन्न, देणी, तोटा सोसायची तयारी न विचारता कुणी योजनेचं नाव घेतलं, तर चहा संपवून उठा.

म्युच्युअल फंड सुचवला तर डायरेक्ट प्लॅन मागा. 2013 पासून तो मिळतो. त्यात वितरकाचं कमिशन नसल्याने खर्च कमी. जुनी विमा पॉलिसी मोडायला सांगितलं, तर सरेंडरचा हिशेब लेखी घ्या आणि नवा टर्म विमा हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका.

फी बँकेतूनच द्या. गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या खात्यात कधीच नाहीत, ओटीपी नाही, कोऱ्या फॉर्मवर सही नाही. करार आणि प्रत्येक सल्ल्याची प्रत त्याच वहीसोबत ठेवा. बिनसलंच तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करताना तेच कागद जोडायचे आहेत.