मोठा स्कोअर स्क्रोल करताना जागा हरवू नये म्हणून

पोथी वाचताना आजी ओळीवर बोट ठेवायची आणि उठताना पानात मोरपीस. कागदावरचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकाखाली एक लिहिलेली प्रत, वाचणारे आपणही तेच करतो, मोरपिसाच्या जागी पेन्सिल असते एवढंच. संगणकावर मात्र माउसचं चाक जरा जोरात फिरलं की पाच पानं मागे पडतात. समोर वीस-पंचवीस स्टाफ (वाद्यागणिक पाच रेषांच्या पट्ट्या), त्यात बहुतेक नुसते रेस्ट (गप्प राहण्याच्या खुणा), आणि आपण कोणत्या बारवर, म्हणजे उभ्या रेघांमधल्या कोणत्या तुकड्यावर, होतो ते काही केल्या आठवत नाही. दुरुस्तीला लागतो त्याहून जास्त वेळ जागा शोधण्यात जातो, आणि त्या शोधाशोधीत मनात धरून ठेवलेला सूरही निसटतो. मला खरं दुःख त्याचं होतं.

उदाहरणाला बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचा चौथा भाग घेऊ. एकटा हा भाग ९४० बारचा आहे. पिकोलोपासून डबल बासपर्यंत पूर्ण ऑर्केस्ट्रा, शिवाय चार एकल गायक आणि चार आवाजांचा कोरस. स्कोअर लिहायचं सॉफ्टवेअर म्यूझस्कोअर स्टुडिओ धरू, कारण ते मोफत आहे. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड दाबायचं.

पायरी १ : आधी जागांना नावं द्या

संगीत जिथे वळण घेतं तिथला बार निवडा आणि कंट्रोल + एम दाबून रिहर्सल मार्क, म्हणजे तालमीत जागा सांगायची खूण, टाका. आपल्या उदाहरणात अशा जागा सहज सापडतात. ९२व्या बारला चेलो आणि डबल बास हलक्या आवाजात मुख्य धून सुरू करतात. २१६ला बॅरिटोन पहिल्यांदा तोंड उघडतो. ३३१ला मार्च लागतो, ५९५ला सगळं संथ आणि गंभीर होतं, ६५५ला दोन धुना एकमेकींत गुंफल्या जातात. असे आठ-दहा मार्क पडले की ९४० बारचं रान उरत नाही, त्यात वाटा दिसायला लागतात.

मार्कांना आकडे न देता अक्षरं द्या. कारण पुढच्या पायरीत कळेल. आणि तुमच्या कंडक्टरकडच्या छापील प्रतीत अक्षरं असतील तर तीच घ्या. रिहर्सलमध्ये “के च्या चार बार आधीपासून” असं कानावर पडतं तेव्हा तुमचा के आणि त्यांचा के एकच असायला हवा.

पायरी २ : चाक फिरवू नका, उडी मारा

कंट्रोल + एफ दाबा. खाली छोटी चौकट उघडते. ३३१ टाइप केलं की थेट ३३१व्या बारवर जाता. के लिहिलं की के मार्कवर. पी१२ लिहिलं की बाराव्या पानावर. नुसता आकडा लिहिला तर सॉफ्टवेअर तो बारचाच क्रमांक समजतं, म्हणून मार्क अक्षरांत हवेत.

एकाच फाइलमध्ये सिम्फनीचे चारही भाग ठेवले असतील, तर प्रत्येक भागात बारचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात आणि ९२ नंबरचे बार एकाहून जास्त होतात. माझं मत स्पष्ट आहे : काम चालू असेपर्यंत प्रत्येक भागाची फाइल वेगळी ठेवा.

आणखी एक. एरवी बारचा क्रमांक फक्त ओळीच्या सुरुवातीला दिसतो. फॉरमॅट मेन्यूतल्या स्टाइलमध्ये जाऊन तो दर बारला दिसेल असं करा. छपाईच्या आधी पूर्ववत करता येतं.

पायरी ३ : बोट ठेवायला शिका

ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. जिथे काम करताय तिथल्या नोटेवर क्लिक करा, ती निळी होते. आता कितीही लांब स्क्रोल करा, निवड तिथेच राहते. परत यायचं असेल तेव्हा फक्त उजवा किंवा डावा बाण दाबा. स्क्रीन त्या जागी परत येते, फार तर एक नोट पुढे-मागे. खालच्या पट्टीत त्या नोटेचा बार, बीट आणि वाद्यही लिहिलेलं असतं.

वर-खालच्या बाणांना मात्र हात लावू नका. त्यांनी नोट अर्ध्या सुराने वर किंवा खाली सरकते, आणि ती स्क्रीनबाहेर असेल तर पत्ताही लागत नाही. माझ्या एका स्कोअरमध्ये व्हायोलाचा सी असाच सी शार्प झाला होता. पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाची वेगळी प्रत, छापून वाटले, आणि चूक कळली ती वादकाने वाजवल्यावर. चुकून दाबला गेलाच, तर लगेच कंट्रोल + झेड.

एस्केप दाबलं की निवड सुटते, म्हणजे बोट उचललं गेलं. भटकायला निघण्याआधी ते दाबू नका.

पायरी ४ : दृश्य बदलून पाहा

पेज व्ह्यू छपाईसाठी ठीक आहे. नोटा भरताना आणि तपासताना आडवा, सलग कंटिन्युअस व्ह्यू घ्या. यात पुढे सरकलात तरी डाव्या कडेला वाद्यांची नावं, क्लेफ (स्टाफवरचे सूर ठरवणारं चिन्ह) आणि बारचा क्रमांक कायम दिसत राहतात. सगळे स्टाफ सतत दिसत असल्याने व्हायोला नेहमी त्याच उंचीवर असतो आणि डोळ्यांना त्याची सवय होते. शिफ्ट धरून चाक फिरवलं की आडवं सरकता येतं. कंट्रोल धरून फिरवलं की झूम होतं, तेही माउसचा बाण जिथे आहे त्या जागेवर. म्हणून आधी बाण हव्या त्या बारवर नेऊन ठेवा.

तरीही स्टाफ डोईजड होत असतील तर इन्स्ट्रुमेंट्स (नव्या आवृत्तीत लेआउट) पॅनेलमध्ये नको त्या वाद्यांसमोरचा डोळा बंद करा. फक्त तंतुवाद्यं तपासायची तर पाचच स्टाफ पुरतात.

पायरी ५ : नकाशा उघडा

व्ह्यू मेन्यूतून टाइमलाइन सुरू करा. आडवे बार, उभी वाद्यं. जिथे नोटा आहेत ते चौकोन रंगीत, वर टेम्पो आणि रिहर्सल मार्क. ट्रॉम्बोन कुठे कुठे वाजतो ते एका नजरेत कळतं, आणि चौकोनावर क्लिक केलं की तिथे पोचता.

प्लेबॅक चालू असताना स्कोअर आपोआप पुढे धावतो. ऐकता ऐकता एकाच जागेकडे बघायचं असेल तर प्लेबॅकच्या सेटिंगमधला तो पर्याय बंद करा.

सिबेलियस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना बारवर उडी आणि सलग दृश्य अनुक्रमे कंट्रोल + ऑल्ट + जी आणि पॅनोरमामध्ये मिळेल, डोरिकोत कंट्रोल + जी आणि गॅली व्ह्यूमध्ये.

पायरी ६ : उठताना मोरपीस

काम थांबवताना शेवटच्या तपासलेल्या बारवर एक तात्पुरता रिहर्सल मार्क टाका. त्याला एक्सएक्स असं नाव द्या, म्हणजे खऱ्या मार्कांत मिसळणार नाही. निवडून व्ही दाबला की तो स्क्रीनवर फिकट दिसतो पण छापला जात नाही. फाइल सेव्ह करा.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल + एफ, एक्सएक्स, एंटर. कालचा बार समोर येतो. मार्क पुसून टाका आणि तिथूनच पुढे चला.