थ्रॉटलचा घर्षण-स्क्रू किती आवळावा?

काही मोटारसायकलींच्या उजव्या मुठीजवळ, थ्रॉटलच्या (फिरवून इंजिनाचा वेग कमी-जास्त करण्याच्या मुठीच्या) आवरणाच्या खालच्या बाजूस एक लहान स्क्रू असतो; तो आत फिरवला की मूठ फिरण्यास होणारा विरोध वाढतो आणि लांबच्या सरळ रस्त्यावर मनगटाला थोडा विसावा मिळतो. मात्र त्याला क्रूझ कंट्रोल समजू नये, कारण तो वेग राखत नाही, केवळ मूठ आहे त्या जागी धरून ठेवतो.

जुळवणी करण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून स्क्रू पूर्ण सैल करावा आणि मूठ पूर्ण उघडून, म्हणजे वेग वाढवण्याच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवून, सोडून द्यावी. ती झटकन मिटून मूळ जागी परतली नाही, तर दोष केबलमध्ये, स्प्रिंगमध्ये किंवा मुठीखाली साचलेल्या मळात असतो, आणि तो दूर केल्याखेरीज स्क्रूला हात लावण्यात अर्थ नाही. ही चाचणी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही घ्यावी, कारण ताणलेली केबल सरळ हँडलवर अनेकदा लक्षात येत नाही.

त्यानंतर स्क्रू पाव फेऱ्याहून कमी अंतराने आवळत जावा आणि प्रत्येक वेळी मूठ सोडून पाहावी. माझ्या मते, मूठ किंचित संथपणे पण आपोआप पूर्ण मिटते, तिथेच थांबावे. त्यापुढे आवळल्यास हात निसटल्यावर इंजिनाचा वेग उतरत नाही. रहदारीत, पावसात आणि वळणाच्या रस्त्यावर तो पूर्ण सैलच ठेवावा. चालत्या गाडीवर डाव्या हाताने तो फिरवण्याचा मोह होतो, तोही टाळावा.